रुग्णालयातील मानाचे पान

कोणत्याही जुन्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात पाऊल टाकले की भिंतींवर व दारांवर कोरलेली अनेक नावे दृष्टीस पडतात. इमारतीस देणगी कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसविली गेली, अधीक्षकाच्या खुर्चीवर कोण किती वर्षे होता, याची नोंद संगमरवरावर सुवाच्य अक्षरांत केलेली असते. परंतु रुग्णालय काही केवळ देणगीदारांच्या किंवा अधीक्षकांच्या बळावर चालत नाही. रात्रीची पाळी करणारी परिचारिका, काचपट्ट्या धुऊन पुसून ठेवणारा प्रयोगशाळेतील मदतनीस, मळकट खोलीत बसून रोगाचे मूळ शोधणारा दुय्यम श्रेणीतील वैद्य, हे सारे त्या संस्थेचे खरे आधारस्तंभ होत. त्यांचा गौरव कोणी, केव्हा आणि कोणत्या कसोटीवर करावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ दफ्तरी स्वरूपाचा वाटतो. तथापि त्याच्या पाठीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा इतिहास कलकत्त्याच्या रुग्णालयांत जितका स्पष्टपणे वाचावयास मिळतो, तितका तो अन्यत्र क्वचितच मिळेल. हिवताप, काळा आजार आणि पटकी या तीन रोगांवरील मोलाचे संशोधन याच नगरात, रुग्णालयांतील नोकरीत असलेल्या माणसांनी केले; आणि मानाचे पान वाटताना मात्र प्रत्येकाच्या वाट्याला निराळेच काही आले.

या नगरातील प्रेसिडेन्सी जनरल हॉस्पिटल हे फार जुने रुग्णालय. १९५४ साली त्याला सेठ सुखलाल करनानी यांचे नाव देण्यात आले. परंतु लोकांच्या तोंडी त्याचे 'पी. जी.' हे नाव कायमच राहिले. या रुग्णालयाच्या आवाराला लागून एक स्मारक-कमान आहे. येथून सत्तर यार्डांवरील एका लहानशा प्रयोगशाळेत १८९८ साली सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस यांनी डासांमार्फत हिवताप कसा पसरतो याचा शोध लावला, अशा आशयाचा मजकूर तीवर आहे. ७ जानेवारी १९२७ रोजी बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांच्या हस्ते या स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा स्वतः रॉस समारंभास उपस्थित होते. आपल्या हयातीत, आपल्या जुन्या कामाच्या जागी, आपल्याच नावाची शिळा पाहण्याचे भाग्य फार थोड्या सरकारी नोकरांना लाभते.

रॉस यांची योग्यता थोर होती यात संशय नाही. १८५७ साली अल्मोडा येथे जन्मलेला हा पुरुष १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे, हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना त्या रोगाच्या जंतूचे पेशीरूप दिसले. ज्याच्या अंगावर हे डास सोडण्यात आले, त्या हुसेन खान नावाच्या रोग्यास दर डासामागे एक आणा दिला जात असे. वैद्यकाच्या इतिहासातील या महत्त्वाच्या प्रयोगात एका सामान्य रोग्याचा वाटा किती मोठा होता, आणि त्याचा मोबदला किती स्वल्प होता, हे त्या एका आण्यावरून सहज ध्यानी येते.

शोध अर्ध्यावर आला असतानाच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली. तेथे हिवतापाचे रोगी जवळजवळ नव्हतेच. अखेर विलायतेतील पॅट्रिक मॅन्सन यांच्या खटपटीमुळे त्यांची विशेष कामगिरीवर नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १८९८ मध्ये ते कलकत्त्यास आले. परंतु तेथेही दैव अनुकूल नव्हते. त्याच वसंतात शहरात प्लेगची धास्ती पसरली होती. सरकारी डॉक्टर सुई टोचू लागला की लोक भयभीत होत आणि बोटातून रक्ताचा थेंब काढू देण्यास कोणी तयार होईना. तेव्हा रॉस यांनी माणसांचा नाद सोडून पक्ष्यांकडे मोर्चा वळविला. चिमण्यांनाही हिवतापासारखा एक रोग होतो. रोगट चिमणीचा पिंजरा रात्री मच्छरदाणीत ठेवावयाचा, आत डास सोडावयाचे, सकाळी ते पकडून सूक्ष्मदर्शकाखाली चिरावयाचे, असा क्रम सुरू झाला. जुलै १८९८ मध्ये डासाच्या लालापिंडांत त्यांना रोगजंतू सापडले. डास चावताना तेच जंतू निरोगी पक्ष्याच्या शरीरात शिरतात हे सिद्ध झाले, आणि साखळीचा शेवटचा दुवा जुळला.

हे सारे काम एकट्या माणसाच्या हातून होणे शक्यच नव्हते. डबकी धुंडाळून डासांच्या अळ्या आणणे, त्या वाढविणे, चिमण्या पकडणे, पिंजरे सांभाळणे, रात्रभर जागून डासांवर नजर ठेवणे, ही कामे मदतनिसांची होती. त्यांपैकी महंमद बक्ष याचे नाव आज आपणांस ठाऊक आहे ते रॉस यांनी आपल्या लेखनात त्याचा उल्लेख करून ठेवला म्हणून. सेवेच्या कोणत्याही नावाजलेल्या वर्गात त्याला स्थान नव्हते. त्यामुळे पदक, पदवी किंवा बढती यांपैकी कशाचाही प्रश्न त्याच्या बाबतीत उद्भवलाच नाही. दुसरे सहायक किशोरीमोहन बंदोपाध्याय हे सुशिक्षित बंगाली तरुण होते. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या कामातील किशोरीमोहनांच्या वाट्याचीही दखल घेतली जावी असे कलकत्त्यातील काही नामवंतांस वाटले व त्यांनी सरकारकडे तशी शब्द टाकण्याची तसदी घेतली. त्याचे फळ म्हणून १९०३ साली किशोरीमोहनांना सम्राट सातवे एडवर्ड यांच्या नावाचे सुवर्णपदक देण्यात आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. किशोरीमोहनांसाठी बोलणारे कोणी होते, म्हणून त्यांना पदक मिळाले. महंमद बक्षासाठी बोलणारे कोणीच नव्हते. गुण दोघांच्याही ठायी होते. फरक होता तो साक्षीदारांचा.

हा फरक केवळ योगायोगाने पडला नव्हता. त्या काळच्या वैद्यकीय सेवेची रचनाच तशी होती. सर्वांच्या वर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी असत. १८५५ पासून स्पर्धापरीक्षेचे दार हिंदी लोकांस खुले झाले आणि त्याच वर्षी सूर्यकुमार चक्रवर्ती त्या दारातून आत गेले. परंतु परीक्षा लंडनला होत असल्यामुळे दीर्घकाळपर्यंत तेथे पोहोचणारे हिंदी तरुण अगदी मोजकेच होते. त्यांच्या खाली असिस्टंट सर्जन, आणि त्यांच्याही खाली हॉस्पिटल असिस्टंट. या शेवटच्या वर्गाला पूर्वी 'नेटिव्ह डॉक्टर' असे म्हणत. मोठी अधीक्षकपदे, अध्यापनाच्या मानाच्या जागा, संशोधनासाठी रजा व साधने, ही बहुतांशी पहिल्या वर्गाकडे. आणि खेड्यापाड्यांतील दवाखाने, साथीच्या दिवसांतील फिरती, तुरुंग व रुग्णालये यांतील रोजचे काम शेवटच्या वर्गाकडे, अशी ही वाटणी होती. गौरवाचे पाणी वरच्या हौदात पडे आणि तेथून झिरपेल तेवढेच खाली येई.

कलकत्त्याच्या सियालदा भागातील कॅम्बेल मेडिकल स्कूल ही नेमकी या खालच्या वर्गासाठी चालविलेली संस्था. १८७३ साली सुरू झालेल्या या शाळेत बंगाली भाषेतून शिकवून हॉस्पिटल असिस्टंट तयार करण्यात येत. मेडिकल कॉलेजची प्रतिष्ठा तिला नव्हती, आणि तेथील अध्यापकांना प्राध्यापक न म्हणता 'शिक्षक' म्हणत. याच शाळेत व तिला जोडलेल्या रुग्णालयात १९०५ पासून उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे शिक्षक व वैद्य म्हणून काम करीत होते. रसायनशास्त्रातील एम. ए., वैद्यकातील एम. डी. आणि शिवाय कलकत्ता विद्यापीठाची पीएच. डी., अशी त्यांची विद्वत्ता. परंतु नोकरी प्रांतिक सेवेतील.

त्या काळी आसाम व बंगाल या प्रांतांत काळ्या आजाराने हाहाकार माजविला होता. ताप हटत नसे, प्लीहा वाढून पोट फुगे, कातडी काळवंडे, आणि उपचार न मिळालेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी दगावत. अँटिमनीचे एक जुने क्षार-औषध वापरात आले होते, पण त्याचा उपचार लांबलचक व त्रासदायक असे आणि त्याचे दुष्परिणामही होत. ब्रह्मचारींनी अँटिमनीचीच अधिक निर्धोक संयुगे तयार करण्याचा ध्यास घेतला. कॅम्बेल रुग्णालयातील ज्या लहानशा खोलीत हे काम चाले तेथे विजेचा दिवा नव्हता, गॅसची जोडणी नव्हती आणि पाण्याचा नळही नव्हता. १९२० साली एका रात्री, मिणमिणत्या रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, धुराने भरलेल्या त्याच खोलीत 'युरिया स्टिबामीन' तयार झाले. पुढे आसामातील मोहिमेत या औषधाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला आणि ज्या रोगातून क्वचितच कोणी उठे, त्यातून आता बहुतेक रोगी बरे होऊन घरी जाऊ लागले.

सरकारने ब्रह्मचारींची उपेक्षा केली असे म्हणता येणार नाही. १९११ मध्ये ते रायबहादूर झाले. १९२४ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी देण्यात आली. १९२९ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविण्यात आले, पण ते पारितोषिक त्यांना लाभले नाही. १९४६ साली ते निवर्तले. मात्र या पदकांच्या यादीबरोबर त्या खोलीचेही स्मरण ठेवावयास हवे. ज्या माणसाला राज्यकर्ते पदव्या देत होते, त्याच माणसाला संशोधनाच्या ऐन वर्षांत पाण्याचा एक नळ आणि विजेचा एक दिवा मिळाला नाही. पदवी ही काम पूर्ण झाल्यावर होणारी स्तुती होय. साधने ही काम चालू असताना दाखविलेली आस्था होय. सरकारी दफ्तराला पहिली गोष्ट सोपी वाटते, कारण तिला एक दिवसाचा समारंभ पुरतो. दुसरीसाठी मात्र दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते.

स्वातंत्र्यानंतर कॅम्बेल शाळेचे महाविद्यालयात रूपांतर झाले आणि १९५० मध्ये तिला डॉक्टर नीलरतन सरकार यांचे नाव देण्यात आले. याच शाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश केलेला एक तरुण पुढे कलकत्त्याचा अग्रगण्य वैद्य आणि विद्यापीठाचा कुलगुरू झाला होता. त्याचे नाव त्या संस्थेस मिळाले, हा औचित्याचा निर्णय होता. ज्या संस्थेचे विद्यार्थी एकेकाळी डॉक्टर म्हणवून घेण्याच्याही योग्यतेचे समजले जात नसत, तिच्या दारावर तिच्याच विद्यार्थ्याचे नाव लागले.

परंतु नाव बदलले म्हणजे नजर बदलतेच असे नाही. याच महाविद्यालयात त्या सुमारास विकृतिशास्त्र विभागात शंभुनाथ डे हे काम करीत होते. हुगळी जिल्ह्यातील एका साध्या कुटुंबात १९१५ साली त्यांचा जन्म झाला. १९४९ मध्ये लंडनहून पीएच. डी. घेऊन ते परतले आणि पटकीच्या अभ्यासाला लागले. पटकीचा जंतू १८८४ च्या प्रारंभी याच कलकत्ता नगरात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी निश्चित केला होता. कॉख यांची तुकडी मायदेशी परतली तेव्हा जर्मनीने तिला एक लाख मार्कांचे बक्षीस देऊन राष्ट्रवीरांसारखे तिचे स्वागत केले. जंतू सापडला, पण तो माणसाला मारतो कसा, हे कोडे पुढे पाऊणशे वर्षे सुटले नाही. जंतू तर रक्तात शिरत नाही. मग काही तासांत शरीरातील सारे पाणी निघून जाते ते कशामुळे?

डे यांची युक्ती अत्यंत साधी होती. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यात त्यांनी पटकीचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. हे काम १९५३ साली प्रसिद्ध झाले. पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात गेल्यावर त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव वापरला; आतड्यात पाणी तसेच जमले. म्हणजे अपाय करणारा पदार्थ हा जंतूने बाहेर टाकलेले विष होय, हे सिद्ध झाले. १९५९ साली 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकात हा निबंध आला. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो आधारभूत मानला. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी पारितोषिकासाठी डे यांचे नाव सुचविले. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादासाठी त्यांना सन्मानाने पाचारण करण्यात आले. स्वदेशात मात्र ते १९७३ मध्ये नियमानुसार निवृत्त झाले आणि १९८५ साली निवर्तले, तोपर्यंत एकही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्याकडे चालून आला नाही. १९९० साली 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकाने त्यांच्या स्मरणार्थ खास अंक काढला, तेव्हा अनेकांना त्यांची प्रथम ओळख झाली.

ब्रह्मचारींच्या काळी राज्य परक्यांचे होते. तेव्हाच्या उपेक्षेचे खापर परक्यांच्या माथी फोडता येत होते. डे यांच्या बाबतीत ती सोय नाही. येथे ना गोऱ्या अधिकाऱ्याचा आकस होता, ना लंडनच्या परीक्षेचा अडसर. कारण अधिक साधे, आणि म्हणूनच अधिक चिंताजनक आहे. डे हे अबोल वृत्तीचे गृहस्थ होते, राजधानीच्या समित्यांत त्यांचा वावर नव्हता, आणि शिफारस करणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. नोकराच्या सेवापुस्तिकेत त्याची रजा, बदली, वेतनवाढ आणि निवृत्तीचा दिनांक यांची नोंद अचूक असते. त्याने काय केले, याला मात्र तीत स्तंभ नसतो. महंमद बक्षाला साक्षीदार मिळाला नाही, आणि साठ वर्षांनंतर विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बसलेल्या विद्वानालाही तो मिळाला नाही. याचा अर्थ एवढाच की, राजसत्ता बदलली तरी दफ्तराची सवय बदलली नव्हती.

डे यांच्या शोधाने पटकीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. जे पाणी व क्षार शरीरातून जातात ते वेळीच भरून काढले तर रोगी वाचतो, या उपचाराला त्याने शास्त्रीय आधार दिला. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित सीमेपलीकडून आले, तेव्हा बनगाव येथील लहानशा रुग्णालयात डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्यापुढे पटकीच्या रोग्यांची रीघ लागली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते आणि ते देणारे हातही अपुरे होते. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे प्रमाणबद्ध मिश्रण पाण्यात कालवून ते तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. ही मिश्रणे कलकत्त्यात तयार करून छावणीत पाठविली जात, आणि पाजण्याचे काम रोग्याची आई, भाऊ, शेजारी यांच्यावर सोपविलेले असे. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चाराच्या खाली आले. जगाने पुढे या उपचाराचा अंगीकार केला. महालनबीस यांना परदेशांत मोठे पुरस्कार लाभले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते निवर्तले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. मान मिळाला, परंतु तो बनगावच्या त्या दिवसांनंतर एकावन्न वर्षांनी, आणि तो स्वीकारावयास धनी उरला नसताना.

या चित्रात आशेची रेघ मुळीच नाही असे नव्हे. बिधानचंद्र रॉय हे एकेकाळी कॅम्बेल शाळेतच शिक्षक होते. पुढे ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले आणि १९६१ मध्ये भारतरत्न ठरले. त्यांच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, त्यांच्या नावाने वैद्यकक्षेत्रासाठी राष्ट्रीय पुरस्कार स्थापन झाला. १९७३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परिचारिकांसाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. त्यात शहरातील मोठ्या रुग्णालयांच्या परिचारिकांबरोबर खेड्यातील साहाय्यक परिचारिका-प्रसविकांचाही समावेश आहे. ज्या वर्गासाठी कोणी बोलत नसे, त्याच्यासाठी बोलण्याचे काम निदान नियमात लिहिले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि पुरस्कार मूठभरांनाच मिळणार आणि कर्मचारी तर लक्षावधी आहेत. तेव्हा गौरवाचे खरे काम मंत्रालयात नव्हे तर रुग्णालयाच्याच दफ्तरात झाले पाहिजे. साथीच्या दिवसांत कोणत्या वॉर्डात कोणाची पाळी होती, नवी पद्धत प्रथम कोणी सुचविली, प्रयोगासाठी काचपट्ट्या कोणी तयार केल्या, याची दोन ओळींची नोंद त्याच आठवड्यात झाली, तर पन्नास वर्षांनी ज्याला इतिहास लिहावयाचा आहे त्याला साक्षीदार शोधत हिंडावे लागणार नाही. रॉस हे काही संतुष्ट वृत्तीचे गृहस्थ नव्हते. नोबेल व सरदारकी मिळूनही सरकारने आपल्या कार्याचे योग्य चीज केले नाही अशी त्यांची तक्रार अखेरपर्यंत होती. तरी त्यांनी एक गोष्ट केली. आपल्या आयुष्याची हकीकत लिहिताना त्यांनी मदतनिसाचे नाव गाळले नाही. पी. जी. रुग्णालयाजवळच्या कमानीवर महंमद बक्षाचे नाव नाही. पण तो आज पूर्णतः विस्मृत नाही, याचे श्रेय त्या एका लेखी उल्लेखाला आहे. पदक देणे सर्वांच्या हाती नसते. नाव लिहून ठेवणे मात्र प्रत्येक वरिष्ठाच्या हाती असते.